अमेरिकेची तयारी

"अगं वैनी, पुस्तक अमेरिकेचं, पोरगा अमेरिकेचा. आनखी काय तयारी पायजे?"

आत्या स्वयंपाकघरात आईला सांगत होती. मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसले होते आणि ते अमेरिकेचं पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं. एकच वाक्य मी तिसऱ्यांदा वाचत होते. ते मागच्या पानावर सुरू झालं होतं आणि पुढच्या पानावर संपेल अशी आशा होती.

"पण वन्सं, तिला विचारायला नको का?" आई म्हणाली.

"इचारलं की काल."

"मग? काय म्हणाली?"

"काय बोलली न्हाई."

"मग?"

"मग म्हंजे हो."

आमच्या घरात माझ्या गप्प बसण्याचा अर्थ असाच लावायची पद्धत होती. अशाच एका गप्प बसण्यातून मी कितीतरी वर्षं हार्मोनियम शिकले. दुसऱ्या एका गप्प बसण्यातून मला कारलं आवडतं अशी नातेवाइकांत ख्याती झाली आणि साताऱ्याला कुणाकडेही गेलं की ताटात कारलं यायचं. पण हार्मोनियम पुढे सुटते आणि कारलं गिळता येतं. या वेळी प्रश्न नवऱ्याचा होता. मुलगा न्यू जर्सीत होता, कॉम्प्युटरमध्ये होता, तीन आठवड्यांच्या रजेवर येणार होता आणि तेवढ्यात मुलगी बघून, ठरवून, लग्न लावून परत जाणार होता. म्हणजे मला तोंड उघडायचं असेल तर फार वेळ नव्हता. आणि तोंड उघडणं हेच तर मला जमत नव्हतं.

आम्ही नेरूळला राहायचो. वडील तुर्भ्याच्या मार्केटमध्ये कांदा-बटाट्याचे आडते. पहाटे जायचे, दुपारी यायचे. शर्ट दारातच काढून ठेवायचे, तरी घरभर कांद्याचा वास राहायचाच. त्यांचं शिक्षण गावातल्या शाळेत जेवढं झालं तेवढं झालं, पण मला त्यांनी हट्टाने इंग्लिश मीडियमला घातलं. त्याचा परिणाम असा झाला की मी दोन्ही भाषांत लाजू लागले. शाळेत मराठी बोललं की दंड होता आणि घरी इंग्रजी बोललं की आत्या म्हणायची, "आली मडम." तेव्हा मी वाचायला लागले. वाचताना कुणी मध्ये बोलत नाही आणि आपल्यालाही बोलावं लागत नाही.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला एका पेपरच्या जागी मोठा निबंध लिहून देता यायचा. वर्गात उभं राहून उत्तर देण्यापेक्षा कितीही पानं लिहिणं मला परवडणार होतं, म्हणून मी निबंध घेतला. आमचे सर म्हणाले, "तू शांत आहेस, तुला अवघड लेखक झेपेल." या दोन गोष्टींचा काय संबंध ते मला कळलं नाही. पण मी गप्प बसले आणि सरांनीही त्याचा अर्थ 'हो' असाच घेतला. ही पद्धत फक्त आमच्याच घरात नव्हती असं दिसतं.

सरांनी मला स्वतःची प्रत दिली. सरांच्या कुणा मित्राने ती अमेरिकेतून आणली होती. पुस्तक इतकं जाड होतं की ते पोटावर ठेवून आडवं पडून वाचलं तर श्वास लागायचा. लेखक पोस्टमॉडर्न आहे, सर म्हणाले, म्हणजे त्याच्याकडून गोष्टीची अपेक्षा धरायची नाही. "समजलंच पाहिजे असा हट्ट धरू नकोस," असंही म्हणाले, "त्याचा अनुभव घे." सुरुवातीच्या पन्नासेक पानांच्या समासात सरांच्या पेन्सिलीने 'व्वा', 'आयरनी', 'तुलना करा' असं लिहिलेलं होतं. त्यापुढची पानं कोरी करकरीत होती. काही तर एकमेकांना चिकटलेली होती, ती मी पट्टीने सोडवली. सरांनी अनुभव कुठपर्यंत घेतला होता ते मला कळलं, पण तेही मी बोलले नाही.

आता पुस्तकाबद्दल सांगायला हवं. एका मोठ्या शहरात एक माणूस इमारतींच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या तपासत फिरतो. त्याला वाटतं, एका टाकीत कुणीतरी राहतं आहे. इथपर्यंत ठीक होतं. आमच्या सोसायटीच्या टाकीत एकदा कबुतर सापडलं होतं, तेव्हा सगळ्यांना तसंच वाटलं होतं. पण मग पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांशातच हा टाकीवाला गायब होतो आणि त्याला कुणी शोधत नाही. त्याच्या जागी शेकडो माणसं येतात. एकेकाचं नाव असं की आई-बापांनी सूड म्हणून ठेवलं असावं. माणसं येतात, तावातावाने काहीतरी सांगतात आणि जातात ती परत येत नाहीत. मध्येच गाणी म्हणतात. एक अख्खं प्रकरण म्हणजे फ्रिजबरोबर मिळणारं माहितीपत्रक आहे, वॉरंटीच्या अटींसकट. एका ठिकाणी खुद्द लेखक पुस्तकात येतो, हॉटेलात बसतो, काय मागवायचं ते त्याला ठरवता येत नाही आणि वेटरबाई त्याला बाहेर काढते. मला त्या बाईबद्दल आदर वाटला.

पहिले दोन महिने मी ते पुस्तक अभ्यासासारखं वाचलं. डिक्शनरी बाजूला घेऊन, अडलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारून. पुढे-पुढे अशी स्थिती आली की रेघ न मारलेले शब्द शोधावे लागायचे. मला राग यायला लागला. मी इंग्लिश मीडियमची, वर्गात नेहमी वरच्या नंबरात. आई-वडिलांनी एवढा कांदा विकला तो कशासाठी? आणि हा माणूस मला फ्रिजच्या वॉरंटीत अडकवून बसला होता. तो आमच्या सोसायटीत राहायला असता तर मी त्याच्या घराची बेल वाजवून पळून गेले असते. त्याहून मोठा निषेध मला जमला नसता.

सर अधूनमधून विचारायचे, "काय, कसं चाललंय?"

"चांगलं," मी म्हणायचे.

"कळतंय ना?"

"हो सर."

"नको कळू दे," ते म्हणायचे आणि निघून जायचे.

घरी मात्र या पुस्तकाला फारच मान होता. ते अमेरिकेतल्या माणसाने अमेरिकेबद्दल लिहिलेलं आहे, एवढं वडिलांना समजलं होतं. आणि एखाद्या जागेबद्दल कुणी एवढं जाड पुस्तक लिहितो म्हणजे त्यात त्या जागेची सगळी माहिती असणार, हे त्यांच्या दृष्टीने उघड होतं. त्यात स्थळ अमेरिकेचं आलं. तेव्हापासून घरात सगळ्यांनी गृहीत धरलं की मी तयारी करते आहे. बाकीच्या मुली इडली-डोसा शिकतात, आमची अमेरिका वाचते.

वडील दुपारी जेवायला बसले की विचारायचे, "काय पोरी, कुठवर आली अमेरिका?"

"अर्ध्यावर, आप्पा."

"पान्याचं कसं हाय तिकडं?"

यावर मला बोलता यायचं, कारण निदान टाक्या होत्या. "गच्चीवर टाक्या असतात. लाकडी."

"लाकडी?" वडिलांचा घास थांबला. "एवढा पैसा असून लाकडी?"

"हो."

"आणि तो टाकीवाला? घावला का?"

"नाही."

"बायको हाय न्हवं त्याला?"

"आहे."

"मग तिनं काय केलं?"

"ती दोनदा टॅप-डान्सच्या क्लासला गेली. मग तिच्याबद्दल काहीच नाही."

वडिलांनी बराच वेळ मान हलवली. "तिकडं मानसाची किंमत न्हाई," ते आईला म्हणाले. मग थोड्या वेळाने मला म्हणाले, "पन तू न्यू जर्सीला जानार. हे शेहर येगळं असंल."

मार्केटमध्ये त्यांनी या पुस्तकाची फार जाहिरात केली असावी. कारण एक दिवस शेजारच्या गाळ्यावरचे काका घरी आले. त्यांचा मुलगा अमेरिकेच्या व्हिसासाठी मुलाखत द्यायला जाणार होता. "ताई, जरा बघून सांगा," ते मला म्हणाले, "इंटरव्ह्यूमध्ये काय विचारतात ते त्यात कुठं दिलंय का?" मी पुस्तक हातात घेऊन चाळल्यासारखं केलं. नाही म्हणायला धीर होईना. शेवटी आई चहा घेऊन आली आणि विषय बदलला. मुलाला व्हिसा मिळाला. मी न सांगितलेल्या माहितीबद्दल काकांनी आम्हाला पेढे दिले.

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटेल. मला तेव्हा वाटत नव्हतं. निबंध पुरा झाला तर सर मला पुढे रिसर्चला घ्यायला तयार होते आणि मला ते हवं होतं. मला शिकवायचंही होतं, जरी वर्गासमोर उभं राहणं मी आजवर टाळतच आले होते. ही माझी इच्छा घरात कुणाला माहीत नव्हती, कारण ती मी कुणाला सांगितली नव्हती. मी सांगत नव्हते म्हणून त्यांना कळत नव्हतं, आणि त्यांना कळत नव्हतं म्हणून मी फुगून बसले होते. या दुसऱ्या भागात त्यांची काही चूक नव्हती.

स्थळाची चौकशी आत्याकडे होती. आत्या कळंबोलीची, पण या कामासाठी ती आमच्याकडे मुक्कामाला आली होती कारण आमच्याकडे फोन होता. दुपारी वडील झोपले की ती फोनजवळ पाट मांडून बसायची. मी तिथेच दिवाणावर. आत्याचा फोन ऐकणं म्हणजे अर्धंच बोलणं ऐकणं.

"हां, मी बोलतेय. ते जासईवाल्या स्थळाचं काय झालं? ... कंटेनर यार्डात? मालक का नोकर? ... मग ती काय म्हनत हुती मावसभाव हाय म्हनून? ... कोन गं? पनवेलवाली? ती तर सरळ तोंडानं खोटं बोलते. ... आनि त्यो फोन कुनी केला, कळलं का?"

'त्यो फोन' हे आमच्या घरातलं जुनं प्रकरण होतं. आधीच्या वर्षी माझं एक स्थळ ठरत आलं होतं आणि अचानक मोडलं. आत्याचं ठाम मत होतं की कुणीतरी मुलाकडच्यांना फोन करून काहीबाही सांगितलं. कुणी केला, काय सांगितलं, मुळात असा फोन झाला होता का, हे कुणाला माहीत नव्हतं. पण आत्याचा तपास चालूच होता. त्यात एक साडू होता, एक नर्स होती, कामोठ्याला प्लॉट घेतलेला एक मास्तर होता आणि बारशाच्या जेवणात मुद्दाम कमी वाढलेली बासुंदी होती. सगळ्यांचा सगळ्यांशी संबंध होता. पुरावा कशाचाच नव्हता. आणि ऐकताना कंटाळा म्हणून यायचा नाही.

अशाच एका दुपारी आत्याचं ऐकता ऐकता माझ्या हातून पुस्तकाची दहा-बारा पानं उलटली गेली आणि लक्षात आलं की मी ती वाचली होती. डिक्शनरीशिवाय. टाकीवाला गायब झाल्यावर जी शेकडो माणसं येऊन काहीबाही सांगत होती, ती सगळी आत्याच होती. कुणालाच पुरतं माहीत नव्हतं, प्रत्येकाचा कुणावर तरी संशय होता, प्रत्येकजण आपल्याला लागलेला एक धागा तावातावाने ओढत होता. मी इतके दिवस पुस्तकाला प्रश्न विचारत बसले होते. आत्याच्या फोनला मी कधी प्रश्न विचारला नव्हता. मी फक्त ऐकत होते. साडूचं पुढे काय झालं असं तिला विचारावंसं मला कधी वाटलं नाही, मग टाकीवाल्याच्या बायकोचा मी एवढा पाठपुरावा का करत होते?

त्यानंतर मी पुस्तक चोरून ऐकल्यासारखं वाचलं. सगळं कळलं असं नाही. गाणी मला शेवटपर्यंत भंकस वाटली आणि फ्रिजच्या माहितीपत्रकात विनोद आहे हे कळूनही हसू आलं नाही. पण टाकीत कुणीतरी राहतं असं सगळ्यांनी मानावं हे कुणाला हवं होतं आणि का, याची भीती वाटायला लागली. खरी भीती. काही पानांवर मी मोठ्याने हसले, तेव्हा आत्या फोनवर हात ठेवून म्हणाली, "हळू. मी बोलतेय." पुढे हे सगळं मी निबंधात लिहिलं. फक्त 'आत्या' हा शब्द काढून त्या जागी एक फ्रेंच शब्द घातला. सर फार खूश झाले.

मुलगा बघायला यायच्या दोन दिवस आधी पुस्तक संपलं. संपलं म्हणजे कुणीतरी फोनवर बोलत असताना वाक्याच्या मध्यातच थांबलं. मी मागचं कोरं पान उलटून पाहिलं. मग पुस्तक मिटलं. हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं. सरांना सांगण्यात अर्थ नव्हता, ते पन्नासाव्या पानावर होते. मी आईला म्हणाले, "आई, पुस्तक संपलं." आई म्हणाली, "बरं झालं बाई. निळी साडी इस्त्रीला टाक."

मुलाकडची माणसं रविवारी आली. मुलगा, त्याचे आई-वडील आणि मामा. मामा कराडकडच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले होते आणि मुलीचं इंग्रजी तपासायला त्यांना मुद्दाम आणलं होतं. आत्याने पुस्तक टीपॉयवर, पोह्यांच्या बशांच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असं मांडून ठेवलं होतं. मी पोहे दिले, नमस्कार केले आणि आईजवळच्या खुर्चीत बसले. वडिलांनी परीटघडीचा शर्ट घातला होता. त्या दिवशी त्यांच्या अंगाला कांद्याचा नाही, अत्तराचा वास येत होता. ते ओळखू येत नव्हते.

मामांनी पुस्तक उचललं, हातात तोललं. "वजनदार आहे," ते म्हणाले. मग इंग्रजीत विचारलं, "यात बोध काय आहे?"

मी पुस्तकाकडे पाहिलं. बोध? आत्या मदतीला धावली. "सगळी अमेरिका हाय त्यात. पान्याची सोयसुद्धा दिलीय."

वडिलांनी मान डोलावली. "टाक्या लाकडी असत्यात," ते मामांना म्हणाले.

तेव्हा मुलगा पहिल्यांदा बोलला. दिसायला चांगला होता, नाकावर बारीक काड्यांचा चष्मा, आवाज मऊ. "हे मी वाचलंय," तो म्हणाला. "तिकडे एम.एस. करताना. ब्रिलियंट पुस्तक आहे."

आता काय लपवायचं? मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणी मला तो आवडला. नुसता आवडला नाही. मला वाटलं, याच्याशी मी बोलू शकेन. न्यू जर्सीत, नाहीतर कुठेही. सगळा रिसर्च आणि सगळ्या इच्छा मी त्या अर्ध्या मिनिटात गुंडाळून ठेवल्या. माणूस किती स्वस्तात जातो.

"मुलांना जरा बोलू द्या," मुलाची आई म्हणाली आणि आम्हाला गॅलरीत पाठवलं. गॅलरीत एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा होती. बाकी जागेत पाण्याचा ड्रम, झाडू आणि तुळस. सारसोळ्याच्या कोळीवाड्याच्या बाजूने वाळत घातलेल्या मासळीचा वास येत होता. त्याने रुमाल नाकाशी नेला आणि लगेच खाली घेतला, ते मला चांगलं वाटलं. आमच्या पाठीमागे खिडकीचा पडदा किंचित हलला. आत्या जागेवर पोचली होती.

"तुम्ही बोलत नाही का?" त्याने विचारलं.

"बोलते," मी म्हणाले. आणि मग खरंच बोलले. "तुम्हाला तो टाकीवाला गायब होतो ते... म्हणजे तुम्हाला काय वाटलं, टाकीत खरंच कुणी होतं?"

तो हसला. "दॅट्स द ब्यूटी ऑफ इट."

"हो," मी म्हणाले. हे बरोबरच होतं. "आणि फ्रिजचं प्रकरण? मला ते नाही आवडलं."

"ओह, ते ब्रिलियंट होतं."

"आणि वेटरबाई लेखकाला हाकलते ते?"

"ब्रिलियंट."

तिसऱ्या 'ब्रिलियंट'ला मला सरांची आठवण झाली. समासातलं 'व्वा' आठवलं. मला तपासायचं नव्हतं. मनापासून सांगते, मी स्वतःला म्हणत होते की राहू दे, सोड, लाजत असेल. पण तोंड एकदा उघडलं की ते कुठे जाईल याची मला सवय नव्हती.

"आणि तो उंट?" मी विचारलं.

पुस्तकात उंट नाही. घोडे आहेत, एक आजारी कुत्रा आहे, गाण्यात कुठेतरी बदक आहे. उंट नाही.

तो मोठ्याने हसला. "द कॅमल!" तो म्हणाला. "द कॅमल वॉज द बेस्ट पार्ट."

पडद्यामागे आत्यापण हसली. तिला वाटलं जमतंय.

मग तो बराच वेळ बोलला. मधल्यामध्ये केव्हातरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. तिकडे मला वाचायला वेळच वेळ मिळेल, म्हणाला, कारण नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करता येत नाही. वीकएंडला चार-पाच मराठी कुटुंबं जमतात. आणि शेवटी म्हणाला, "खरं सांगू? मला शांत मुली आवडतात. ऑफिसमध्ये सगळे फार बोलतात."

मी मान डोलावली. सवयीने.

एक सांगायला हवं. तो वाईट माणूस नव्हता. 'नाही वाचलं, पण सांग ना कसं आहे' असं तो म्हणाला असता, तर मी आज बहुतेक न्यू जर्सीत असते आणि वीकएंडला त्या चार-पाच कुटुंबांना साबुदाण्याची खिचडी वाढत असते. आणि खोटं मीही बोलतच होते की. सरांशी, काकांशी, वडिलांशीसुद्धा. पण माझं खोटं भीतीपोटी होतं आणि ते बोलून मी रात्रभर तळमळायचे. हा माणूस न पाहिलेल्या उंटावर बसून आनंदाने चालला होता आणि मला मागे बस म्हणत होता.

आम्ही आत आलो. मुलाने आईकडे पाहिलं, आईने नवऱ्याकडे. एरवी मुलाकडचे घरी जाऊन विचार करून कळवतात आणि मुलीकडचे आठवडाभर फोनकडे बघत बसतात. पण रजा तीन आठवड्यांची होती. मुलाचे वडील सरळच म्हणाले, "आम्हाला मुलगी पसंत आहे."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्या साखरेचा डबा आणायला उठलीसुद्धा. वडिलांनी दोन्ही हात जोडले. मामांनी पुस्तक पुन्हा टीपॉयवर ठेवलं आणि म्हणाले, "अहो, रीत म्हणून एकदा मुलीला तरी विचारा."

सगळे हसले.

"ती काय बोलनार," आत्या साखर घेऊन येत म्हणाली. "गप्प बसली म्हंजे हो. आमच्या घरात सगळ्यांना म्हाईत हाय."

वडील मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "बोल पोरी," ते म्हणाले.

त्यांचं 'बोल' हेही रीतीचंच होतं का, ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्यांनी साखरेसाठी हात पुढे केला नाही. आत्याचा चमचा माझ्या तोंडाजवळ आला होता. मला दिसलं की हा चमचा एकदा तोंडात गेला की पुढे मला काही बोलता येणार नाही. मी आत्याचं मनगट धरलं आणि चमचा बाजूला केला. साखर थोडी पुस्तकावर सांडली.

"मला मुलगा पसंत नाही," मी म्हणाले. आवाज इतका मोठा आला की गॅलरीतलं कबुतर उडालं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि आता थांबायचं कसं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी त्याच्याकडे वळून उरलेलंही सांगून टाकलं. "आणि त्या पुस्तकात उंट नाहीये."